पहिला पगार पाहू नका, पंधरावे वर्ष पाहा

बारावीचा निकाल लागला की बीड, परळी, अंबाजोगाईच्या घराघरांत एकच विचारणा होते: कॉम्प्युटरला नंबर लागेल का? पंधरा वर्षांनी काय हाती असेल, हे कोणी विचारत नाही.

२०१२ च्या सुमारास मोठ्या आयटी कंपन्या नव्या अभियंत्याला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास देत. आजही बहुतेकांची सुरुवात साडेतीन लाखांच्या आसपासच होते. दरम्यान ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ च्या १०० वरून २०२४ अखेर १९० च्या पुढे गेला. म्हणजे तेव्हाच्या पगाराची बरोबरी करायला आज सहा लाख हवेत. पुण्यातले खोलीभाडे, मेस आणि कर्जाचा हप्ता भागवून घरी पाठवायला फारसे उरत नाही.

मग हे क्षेत्र सोडायचे? मुळीच नाही. पण इथे पगार वाढतो तो कामाच्या खोलीवर. सांगितले तेवढेच करणाऱ्याची वाढ दरवर्षी काही टक्क्यांवर अडते. अडलेली यंत्रणा समजून घेऊन सोडवणाऱ्याचा पगार काही वर्षांत दुप्पट-तिप्पट होतो. नुसता अनुभवही तारत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जणांची कपात जाहीर केली, ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीत. सोपा कोड आता एआय लिहिते; तो कुठे चुकला हे ओळखणारा माणूस लागतो. म्हणून चार वर्षांत डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि इंग्रजी पक्के करा. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर मोफत आहेत.

आणि पालकांनो, डोनेशनसाठी जमीन विकू नका. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. मुलींसाठी तर दार अधिक उघडे आहे: ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी व ईडब्ल्यूएस कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून, केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आल्यास, व्यावसायिक पदवीचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. बागवान, तांबोळी, मोमीन, अत्तार हे समाज ओबीसी यादीत आहेत. तरी कागदपत्रांअभावी आपल्या मुली मागे राहतात, किंवा ‘मुलीला पुण्याला कशाला पाठवायचे’ म्हणून घरीच बसतात. पहिले कारण तहसीलमध्ये सुटते, दुसरे घरातच सोडवावे लागेल.

जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी निकालाची वाट पाहू नका. अर्ज याच महिन्यात टाका.