मानेतली प्रत्येक गाठ टीबीची नसते: कॅरोटिड बॉडी ट्युमर म्हणजे काय आणि त्याचं ऑपरेशन अवघड का असतं?

'दुर्मीळ गाठ काढली, रुग्णाला जीवदान' अशा मथळ्याच्या बातम्या तुमच्या फोनवर अधूनमधून येत असतील. गाठ केवढी होती, शस्त्रक्रिया किती तास चालली, हे त्यात असतं. पण अशी गाठ आपल्याच घरात कोणाला झाली, तर सगळ्यात आधी काय करायचं, हे सहसा नसतं. कॅरोटिड बॉडी ट्युमर या आजाराच्या बाबतीत तर ही पहिली पायरीच सगळ्यात महत्त्वाची असते.

ही गाठ नेमकी कुठे होते?

मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी मानेत, जबड्याच्या थोडं खाली, दोन शाखांमध्ये विभागते. त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, कॅरोटिड बॉडी. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की तो मेंदूला कळवतो आणि श्वासाचा वेग वाढतो. श्वासावरच्या या नियंत्रणाचा शोध लावल्याबद्दल बेल्जियमचे कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

याच अवयवाची गाठ म्हणजे कॅरोटिड बॉडी ट्युमर. अँडीज किंवा हिमालयासारख्या उंच प्रदेशात, जिथे हवेत ऑक्सिजन विरळ असतो, तिथे ती तुलनेने जास्त आढळते. काही कुटुंबांमध्ये ती आनुवंशिक असते. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते आणि वाढतेही सावकाश.

मग धोका कशाचा?

धोका गाठीच्या जागेचा आहे. ती रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते आणि धमनीला चिकटून वाढते. आवाज, गिळणं आणि जिभेची हालचाल सांभाळणाऱ्या नसा तिथूनच जातात. १८८० च्या दशकात ती काढण्याचे पहिले प्रयत्न झाले, तेव्हा मृत्यू आणि पक्षाघात अशी किंमत रुग्णांना मोजावी लागली.

आपल्याकडे मानेत गाठ दिसली की पहिला संशय टीबीचा, म्हणजे गंडमाळेचा येतो, आणि तो रास्तच आहे. त्यामुळे सुईने पाणी काढून तपासणं ही नेहमीची पद्धत. पण गाठ धडधडत असेल, डावी-उजवीकडे हलते पण वर-खाली हलत नाही असं जाणवत असेल, तर आधी सोनोग्राफी आणि मग सीटी किंवा एमआरआय अँजिओग्राफी करणं शहाणपणाचं. अशा गाठीचा तुकडा काढायला गेलं तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो. काही गाठी रक्तदाब वाढवणारी संप्रेरकंही सोडतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी रक्ताची किंवा लघवीची तपासणी करतात.

ऑपरेशन किती अवघड, हे कसं ठरतं?

१९७१ पासून डॉक्टर शॅम्ब्लिन वर्गीकरण वापरतात. पहिल्या प्रकारात गाठ धमनीपासून सहज सुटते. दुसऱ्यात ती धमनीला अर्धवट वेढते. तिसऱ्यात धमनी गाठीच्या आतच गुरफटलेली असते. तेव्हा धमनीचा तो भाग काढून त्या जागी पायातली शीर जोडावी लागू शकते. मोठ्या गाठीचा रक्तपुरवठा काही वेळा ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी कॅथेटरमधून बंद करतात.

म्हणजे गाठ लहान असताना काढणं सोपं असतं. पण वय जास्त असेल, त्रास नसेल, तर नुसती नजर ठेवणं किंवा रेडिएशन देणं हेही पर्याय असतात. 'ताबडतोब ऑपरेशन करा' आणि 'दुखत नाही ना, मग राहू द्या' हे दोन्ही सल्ले डोळे झाकून ऐकण्यासारखे नाहीत.

तुम्ही डॉक्टरांना काय विचाराल?

- गाठ कोणत्या प्रकारची आहे? धमनी बदलावी लागेल का?
- ऑपरेशनच्या वेळी रक्तवाहिन्यांचे सर्जन हजर असतील का?
- इथे अशा किती शस्त्रक्रिया झाल्या? त्यानंतर आवाज किंवा गिळण्याचा त्रास किती जणांना झाला?
- दुसऱ्या बाजूची आणि कुटुंबातल्या इतरांची तपासणी हवी का?

खर्चाचा प्रश्नही आधीच विचारा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र ते ठरलेल्या उपचारांना आणि योजनेतल्या रुग्णालयांनाच लागू होतं. तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा.

ही गाठ बहुतेकदा इतकी हळू वाढते की स्कॅन करायला आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ मिळतो. तो वेळ वापरा.