शाळेच्या वेबसाइटवर कोणाचा ई-मेल पत्ता असावा?

आपल्या शाळेची वेबसाइट उघडा आणि ‘संपर्क’ या पानावर जा. मुख्याध्यापकांचा, लिपिकांचा, कधीकधी तर सगळ्या शिक्षकांचा वैयक्तिक ई-मेल पत्ता तिथे सरळ लिहिलेला सापडेल. पालकांची सोय व्हावी हा हेतू चांगलाच आहे. पण माझं स्पष्ट मत असं की शिक्षकांचे वैयक्तिक पत्ते तिथे असू नयेत. शाळेचा पत्ता मात्र असलाच पाहिजे, फक्त जरा विचार करून लिहिलेला.

कारण ते पान फक्त पालक वाचत नाहीत. ई-मेल पत्ते गोळा करणारे प्रोग्राम रात्रंदिवस एका वेबसाइटवरून दुसरीवर फिरत असतात. त्यांना मजकूर समजावा लागत नाही. ते @ हे चिन्ह शोधतात. अलीकडे काही अक्षरं, पलीकडे काही अक्षरं आणि एक टिंब दिसलं की झाला पत्ता! तो यादीत जातो आणि अशा याद्या विकल्या जातात. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी माणसाचं नाव आणि संगणकाचं नाव वेगळं दिसावं म्हणून हे चिन्ह निवडलं. आता या प्रोग्रामना तीच खूण पुरते.

‘येईल थोडी रद्दी, पुसून टाकू’ असं बरेच जण म्हणतात. मला रद्दीची एवढी भीती वाटत नाही. भीती याची, की शंभर फालतू मेलच्या ढिगाऱ्यात एखाद्या आईचं ‘मुलगा चार दिवस जेवत नाहीये’ हे पत्र न वाचताच पुसलं जातं. आणि दुसरी याची, की ज्याच्याकडे मुख्याध्यापकांचं नाव, पत्ता आणि शिक्षकांची यादी आहे, त्याला मुख्याध्यापकांच्या नावाने खोटा मेल लिहून पैसे मागणं सोपं जातं.

मग करायचं काय? अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर डेमॉक्रसी अँड टेक्नॉलॉजी’ या संस्थेने २००३ साली एक अहवाल काढला. त्यांनी नवे पत्ते तयार करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आणि सहा महिने वाट पाहिली. सर्वांत जास्त रद्दी आली ती वेबसाइटवर उघड्या ठेवलेल्या पत्त्यांवर. चिन्हाऐवजी ‘ॲट’, ‘डॉट’ असे शब्द लिहिलेल्या पत्त्यांवर काहीच आलं नाही. आपल्या सरकारी वेबसाइटवर कंसात ‘ॲट’ आणि ‘डॉट’ लिहिलेलं दिसतं, ते याचसाठी. अर्थात आता अनेक प्रोग्राम हे शब्दही ओळखतात. तरी ही युक्ती फुकटची आहे, वापरायला हरकत नाही.

पत्त्याचं चित्र करून लावणं मात्र मला पटत नाही. प्रोग्रामला ते सहज वाचता येत नाही हे खरं, पण ज्या अंध पालकाचा फोन मजकूर वाचून दाखवतो त्यालाही ते ऐकू येत नाही. त्यापेक्षा संपर्काचा फॉर्म बरा: पालक निरोप लिहितात, पत्ता मागे सर्व्हरवर राहतो. आणि पानावर पत्ता द्यायचाच तर ‘कार्यालय’ नावाचा द्या, कोणा बाईंचा किंवा सरांचा नको. तो खराब झाला तर बदलता येतो. बाईंचा वैयक्तिक पत्ता बँकेपासून गॅसच्या नोंदणीपर्यंत सगळीकडे दिलेला असतो, तो कसा बदलणार?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पीडीएफ फायलींकडे. शिक्षकांची यादी, समितीचं इतिवृत्त, स्पर्धेची नोंदणी, सगळं पत्त्यांसकट वर्षानुवर्षं तसंच पडून असतं. पालकांचे पत्ते असलेली यादी तर उघड्यावर कधीच नको.

तपासणी सोपी आहे. संगणकावर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा. पानामागचा कोड दिसेल. त्यात कंट्रोल आणि एफ दाबून @ शोधा. वर नुसतं ‘इथे लिहा’ दिसत असलं तरी खाली लिंकमध्ये पूर्ण पत्ता सापडू शकतो. आठवीच्या मुलांना संगणकाच्या तासाला हे काम द्या, आवडीने करतील. पीडीएफ मात्र एकेक उघडून बघावी लागेल.