गोदावरीच्या माशांचीही मोजणी हवी

जायकवाडीत किती टक्के पाणी आले, हा आकडा पावसाळाभर मराठवाड्यात घरोघरी तोंडपाठ असतो. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी या बंधाऱ्यांत किती पाणी अडले, कोणत्या दिवशी किती सोडले, तेही कळते. त्याच पाण्यातल्या मरळ, वाम, शिंगाड्याचे गेल्या दहा वर्षांत काय झाले, हे सांगणारा आकडा मात्र वाचायला मिळत नाही. महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग अधूनमधून नदीतल्या जातींच्या याद्या करतात आणि ते काम मोलाचेच आहे. पण एखादी जात नदीत आहे एवढेच यादी सांगते. ती वाढते आहे की संपत चालली आहे, हे दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच हंगामात मोजल्याशिवाय कळत नाही. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरची गोदावरी आणि जिल्ह्यातली दुधना यांच्यासाठी ही मोजणी आता सुरू व्हायला हवी, आणि ती मासेमारांच्याच हातून व्हायला हवी.

हे शक्य आहे का, याचे उत्तर रशियाच्या पूर्व टोकाला मिळते. कामचाट्का द्वीपकल्पावर क्लुचेव्स्कायासारखे 4,750 मीटर उंचीचे जागते ज्वालामुखी आहेत आणि त्यांच्या परिसरातल्या नद्यांत समुद्रातून सामन मासे अंडी घालायला चढतात. तिथल्या स्टीलहेड नावाच्या माशाला रशियात कायद्याचे संरक्षण आहे. 1990 च्या दशकात मॉस्को विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आणि अमेरिकेतली वाइल्ड सामन सेंटर ही संस्था यांनी एक वाट काढली. गळाने मासेमारी करणारे हौशी लोक खर्च उचलून तिथे जात, मासा पकडत, त्याची लांबी मोजली जाई, दोन-चार खवले काढून घेतले जात आणि मासा पुन्हा नदीत सोडला जाई. खवल्यावरच्या वलयांवरून त्याचे वय कळते, नदीत किती वर्षे काढली आणि समुद्रात किती, तेही कळते. रस्ताही नसलेल्या नद्यांची माहिती अशी गोळा होऊ शकली. त्याच मुलखातल्या कारिम्स्कोये तळ्यात जानेवारी 1996 मध्ये पाण्याखाली उद्रेक झाला, पाणी आम्लधर्मी बनले आणि मासे मेले. तळ्यात आधी काय होते याची नोंद होती, म्हणून काय गेले ते सांगता आले.

आपली जमीनही लाव्हाचीच, फक्त तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंडावला. सामन आपल्याकडे नाही, पण चढणीचे मासे आहेत. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर नदीतले अनेक मासे ओढ्यानाल्यांत, उथळ पाण्यात अंडी घालायला चढतात. अहीर तर उलटा प्रवास करतो: वाढतो नदीत आणि अंडी घालायला समुद्रात जातो. या प्रवासाच्या वाटेवर 1976 साली लोकार्पण झालेले जायकवाडी धरण उभे आहे आणि त्याखाली बंधाऱ्यांची रांग आहे. पुरात बंधाऱ्यांची दारे उघडी असतात, तेव्हा मासे जातातच, असे कोणी म्हणेल. जातही असतील. पण दारांतून सुटलेल्या जोरकस धारेविरुद्ध कोणती जात चढते आणि कोणती खालीच अडून राहते, हे वर आणि खाली दोन्हीकडे मोजल्याशिवाय ठरवायचे कसे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जिथे उन्हाळ्यात माणसांना टँकरने पाणी द्यावे लागते, तिथे माशांचे काय घेऊन बसलात? शिवाय जलाशयांत रोहू, कटला, मृगळ सोडले जातात, त्यावर लोकांची चूल पेटते. हे खरे आहे आणि बंधारे पाडा असे माझे म्हणणे नाही. पण या तिन्ही जातींना विणीसाठी पुराचे वाहते पाणी लागते. साचलेल्या जलाशयात त्या सहसा वीत नाहीत. म्हणून दरवर्षी मत्स्यबीज विकत आणून सोडावे लागते. पाऊस हुकला, तलाव आटला, की तो पैसा बुडतो. स्थानिक मासा नदीच्या डोहात तग धरतो आणि पुढच्या पुरात बीज विकत न घेता पुन्हा वाढतो. अवर्षणाच्या जिल्ह्याला हाच मासा जास्त उपयोगी आहे. कामचाट्कातल्या त्या नद्यांकाठी माणूस विरळच. इथे काठावर गावे आहेत, आणि त्यांचे ताट या माशाशी जोडलेले आहे. म्हणून मोजणीची निकड इथे अधिक.

मासेमार खरी नोंद देतील का, अशीही शंका घेतली जाते. मासळी जास्त दाखवली तर ठेक्याची रक्कम वाढेल, ही त्यांची भीती रास्त आहे. त्यामुळे ही नोंद ठेक्याच्या हिशेबापासून वेगळी ठेवावी लागेल आणि तसे लेखी द्यावे लागेल. ज्ञानाची शंका मात्र नको. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा कोळससारखी इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्यांनी शास्त्रात नेली.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जैवविविधता कायदा 2002 सालचा आहे आणि त्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तिच्यात माशांची पाने जोडावीत. अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत भोई समाजातल्या जाणत्या मासेमारांना या कामाचे मानधन द्यावे, वजनकाटा आणि मोजपट्टी द्यावी, महाविद्यालयांनी महिन्यातून एकदा नोंदी तपासाव्यात. जिल्हा प्रशासनाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने येत्या मृगाआधी निदान चार बंधाऱ्यांवर हे काम सुरू करावे.