खोलीचे भाडे आणि माणसाचे नाव

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आम्ही नवरा-बायको एक रात्र राहून आलो, हे कळल्यापासून मला दोन प्रश्न विचारले जातात. एक, किती लागले? दुसरा, काही त्रास तर झाला नाही ना? पहिला प्रश्न बेसातल्या आमच्या सोसायटीत सगळेच विचारतात. दुसरा फक्त मोमीनपुऱ्यातले नातेवाईक विचारतात.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून मुलीने तिच्या बचतीतून ही भेट दिली. एका रात्रीचे भाडे आमच्या फ्लॅटच्या महिन्याच्या हप्त्याहून जास्त होते. ही फुजूलखर्ची नाही का, असे कोणी विचारले तर मी वाद घालणार नाही. आयुष्यात एकदा केली, एवढेच म्हणेन.

दुसऱ्याचे उत्तर, काही त्रास झाला नाही. दारावर बॅगा तपासल्या, पण त्या सगळ्यांच्याच तपासत होते. काउंटरवरच्या मुलीने माझे नाव न अडखळता उच्चारले आणि बायकोच्या बुरख्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही. हे सांगितल्यावर माझ्या खाला म्हणाल्या, "अल्लाह का शुक्र है." पैसे भरून खोली घेतलेल्या माणसाला खोली मिळाली, यात शुक्र मानण्यासारखे काय आहे? तरी त्यांनी मानला, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. हा लेख त्या शुक्राविषयी आहे.

ताज आणि नागपूर यांचे नाते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. जमशेटजी टाटांनी हे हॉटेल स्वतःच्या पैशातून बांधले. १६ डिसेंबर १९०३ रोजी ते उघडले, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हते. ते पुढे १९२४ मध्ये पूर्ण झाले. पण जमशेटजींच्या संपत्तीचा भक्कम पाया घातला तो आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलने. १ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, त्यावरून मिलचे नाव पडले. दलदलीची जागा भरून मिल उभी करायला एका सावकाराने कर्ज नाकारले होते. हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे. पुढे मिलचा नफा पाहून, याने माती टाकून सोने काढले, असे त्यालाच म्हणावे लागले.

ते सोने साच्यांवर आणि चात्यांवर निघाले. विणणारे आणि कातणारे हात मोमीनांचे होते, कोष्ट्यांचे होते, महारांचे होते, आसपासच्या खेड्यांतून आलेल्या शेतमजुरांचे होते. माझे नाना त्याच मिलमध्ये साचेवाले होते. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. मिलने १८८६ मध्येच कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली होती. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती, आणि नाना मिलचे नाव नेहमी इज्जतीने घ्यायचे. ताजमध्ये मात्र त्यांनी पाऊल ठेवले नाही. त्यांच्या कुठल्याच सोबत्याने ठेवले नसणार. १९८६ मध्ये मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, पुढे बंद पडली, आणि त्या जागेवर आज मॉल आहे. हॉटेल मात्र उभे आहे. त्याच्या जिन्यावरून चढताना मला राजेमहाराजे आठवले नाहीत, नाना आठवले.

ताजच्या जन्माची एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. जमशेटजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात गेले, तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश होता, दारातून परत पाठवले गेले आणि त्यांनी त्याहून भव्य हॉटेल बांधायचे ठरवले. या गोष्टीला पक्का पुरावा नाही आणि अनेक अभ्यासक ती मानत नाहीत. मुंबईला तिच्या तोलाचे हॉटेल हवे, एवढेच त्यांच्या मनात असावे, असे ते म्हणतात. वास्तुविशारदाने समुद्राकडे पाठ करून इमारत बांधली आणि चूक कळल्यावर जीव दिला, ही दुसरी गोष्टही अशीच. खरे तर दार मुद्दामच शहराच्या बाजूला ठेवलेले होते. आराखडा करणाऱ्यांपैकी सीताराम खंडेराव वैद्य काम पूर्ण होण्याआधी वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरे केले.

मग वॉटसनची गोष्ट सव्वाशे वर्षे का टिकली? आपल्या लोकांना ती ओळखीची वाटते म्हणून. खिशात पैसे आहेत, अंगावर नीट कपडे आहेत, आणि समोरचा फक्त तुम्ही कोण आहात ते पाहून "जागा नाही" म्हणतो. हा अपमान इथल्या बहुतेकांना ऐकून किंवा सोसून ठाऊक आहे. आणि भव्य दार बांधून त्याचा बदला घेणारा नायक कोणाला आवडणार नाही? पण या गोष्टीत एक खोट आहे. ज्याला हॉटेल बांधता येते त्याचाच अपमान तिच्यात भरून निघतो. ज्याला सहाशे रुपयांची खोली हवी आहे त्याचे काय, ते ती सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझे एक सहकारी कामासाठी एका जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. रात्रीचे साडेनऊ झाले होते. बसस्थानकाजवळच्या एका लॉजवर मी पुढे होऊन खोली मागितली. दोन आहेत, म्हणाला. आधार कार्ड दिले. त्याने ते वाचले, उलटे केले, परत वाचले आणि म्हणाला, "साहेब, आत्ताच फोन आला होता, दोन्ही बुक झाल्या." माझे सहकारी बाहेर चहा घेत होते. दहा मिनिटांनी त्यांनी जाऊन विचारले तर त्यांना खोली मिळाली. चावी हातात आल्यावर त्यांना सगळा प्रकार कळला. त्यांनी चावी काउंटरवर ठेवली, आपले कार्ड परत घेतले आणि म्हणाले, "चला, रातराणीने निघू." त्यांनी भाषण केले नाही, भांडणही केले नाही. माझ्याकरता ते रात्रभर एसटीच्या सीटवर बसून आले.

आता ताजच्या काउंटरवरच्या त्या मुलीचे वागणे आणि या लॉजवाल्याचे वागणे शेजारी ठेवा. कार्ड तेच, नाव तेच, माणूस तोच. फरक भाड्याचा. म्हणजे आपल्या देशात नावाचा अडसर पैसे भरून दूर होतो, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी तो तसाच राहतो. खाला ज्याचा शुक्र मानत होत्या, ती समता आम्ही त्या रात्री विकत घेतली होती.

या प्रश्नावर डॉ. आंबेडकरांइतके कोणी सोसले नसेल. १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना उतरायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले गेले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. वॉटसनच्या गोष्टीत दारातून परत गेलेला माणूसही पारशीच होता. अपमान सोसलेला समाज दुसऱ्याचा अपमान करत नाही, असे समजण्यात अर्थ नाही.

हे वाचून आपल्यापैकी कोणी मान डोलावत असेल तर त्याच आठवणींतला पुढचा प्रसंगही वाचावा. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसोबत दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. वाटेची धूळ धुवायला त्यांनी दाराजवळच्या हौदाचे पाणी घेतले, तर हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला. ती गर्दी मुसलमानांची होती. तुमचा धर्म हेच शिकवतो का, असे बाबासाहेबांनी त्यांना विचारले. मुसाफिराला जकातीच्या हकदारांमध्ये स्थान देणाऱ्या धर्माच्या लोकांना हा प्रश्न ऐकावा लागला. आपल्या ब्लॉगांवर, आपल्या जलशांमध्ये बडोद्याचा उल्लेख होतो, दौलताबादचा होत नाही. दोन्हींचा व्हायला हवा.

या माणसाच्या अध्यक्षतेखाली जो मसुदा तयार झाला, त्या संविधानाच्या कलम १५ मधला दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत जाण्यापासून अडवता येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. हॉटेल हा शब्द तिथे स्पष्ट आहे. किती तारांकित, ते लिहिलेले नाही. हे बंधन केवळ सरकारवर नाही, लॉजच्या काउंटरवर बसलेल्या माणसावरही आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी बाबासाहेब नागपूरला आले, तेव्हा ते सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले होते. स्वतःच्या नावाने. बडोद्यापासून सीताबर्डीपर्यंत यायला एकोणचाळीस वर्षे लागली.

ताजविषयी लिहिताना २६ नोव्हेंबर २००८ टाळता येत नाही. त्या हॉटेलात ३१ जण मारले गेले. त्यात पाहुण्यांना वाचवताना जीव गमावलेले कर्मचारीही होते. पळून जाण्याचे रस्ते त्यांना इतर कोणाहीपेक्षा नीट माहीत होते, तरी ते थांबले. खालच्या मजल्यावरच्या स्मारकासमोर आम्ही दोघे उभे राहिलो, फातिहा पढलो. त्या हल्ल्यानंतर मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला होता. निर्दोषांना मारणाऱ्यांना आपल्या मातीत जागा नाही, ही भूमिका मला तेव्हाही पटली आणि आजही पटते. खटकते ते एवढेच, की ती भूमिका पुढे आमचे चारित्र्य प्रमाणपत्र म्हणून वापरली गेली. ट्रस्टने ती घेतली नसती तर मला खोली नाकारणे योग्य ठरले असते का? माझा त्या नऊ जणांशी संबंध नाही, हे मी सिद्ध करायचे नाही. लॉजवाल्याने तसा संबंध गृहीत धरायचा नाही.

लॉज चालवणाऱ्यांची बाजूही ऐकली आहे. पोलीस येतात, रजिस्टर पाहतात, नको ती चौकशी मागे लागते, धंदा लहान आहे. ही भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय रजिस्टर नीट लिहिणे हा आहे. ओळखपत्र सगळ्यांचे घ्या, छायाप्रत ठेवा, येण्याजाण्याची वेळ नोंदवा. ताजच्या दारावर सगळ्यांच्या बॅगा तपासल्या गेल्या तेव्हा मला अपमान वाटला नाही. ओळखपत्र नोंदीसाठी असते, ते पाहून माणूस निवडायचा नसतो.

आपल्या समाजात या विषयावर एक ठरलेला सल्ला मिळतो. शिका, कमवा, मोठे व्हा, मग कोणी विचारणार नाही. मुलांनी शिकावे, कमवावे, हे मलाही हवेच आहे. माझी मुलगी शिकली म्हणून मी ताज पाहिला. पण हा सल्ला इज्जतीचे उत्तर म्हणून चुकीचा आहे. मालेगावचा माल घेऊन फिरणारा, मेडिकलमध्ये आईला दाखवायला आलेला, परीक्षेसाठी रात्री गावात उतरलेला पोरगा, यांनी मोठे होईपर्यंत कुठे झोपायचे? दर पिढीतले चार जण पंचतारांकित दारातून आत गेले आणि बाकीचे फलाटावर राहिले, तर त्याला प्रगती म्हणता येणार नाही.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. खोली नाकारली गेली तर कारण लेखी मागा. देणार नाहीत, पण मागा. वेळ, तारीख, ठिकाण लिहून ठेवा आणि तक्रार करा. गप्प बसून दुसरा लॉज शोधण्याची सवय आपण मुलांना लावत आलो आहोत, ती सोडू या. आपल्यापैकी ज्यांचे लॉज, हॉल, खानावळी आहेत त्यांनी आपल्या रजिस्टरकडेही एकदा पाहावे. आपल्याकडे कोणाला "जागा नाही" सांगितले जाते का, आणि ते कोणाला?

आणि हा ब्लॉग वाचणारे जे मुस्लिम नाहीत, त्यांच्याकडे एक मागणे. तुमच्यासोबतच्या माणसाला नाव पाहून परत पाठवले तर त्याची समजूत घालू नका, "सोड ना, असे लोक असतातच" म्हणू नका. तुमची चावी परत करा. माझ्या सहकाऱ्यांनी केली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांची मान आखडली होती, आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.