वायरिंग नवे करताय? मग छतावर धुराचाही एक पॉइंट काढा

उन्हाळा तोंडावर आला की भवानी पेठेतल्या जुन्या घरांत वायरमनची ये-जा वाढते. कूलरच्या जागी एसी येणार असतो, मीटरपासून नवी लाइन ओढायची असते. भिंतीवरची लाकडी पट्टी उचकटली की आतली वायर पाहून घरमालकालाच धडकी भरते. आवरण इतके ठिसूळ झालेले असते की बोटाने चुरा व्हावा. मग ठरते, होऊन जाऊ दे एकदाचे सगळे नवे. पॉइंट मोजले जातात, एमसीबीची पेटी निवडली जाते, बटणांच्या रंगावरून घरात वाद होतात. अशाच एका घरी मी सहज विचारले, "धुराचा अलार्म कुठे बसवणार?" वायरमन हसला. म्हणाला, "सर, ते हॉटेलात असतंय. घरात कोण लावतंय?"

कोणी लावत नाही, हे खरेच आहे. पण लावायला हवा, आणि त्यासाठी भिंती फोडलेल्या असतानाचा हा आठवडाच योग्य, असे माझे मत आहे.

18 मे 2025 ची पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाचे कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहत होते. कुटुंबातले लोक आणि कामगार मिळून आठ जणांचा जीव गेला, त्यात दीड वर्षाचे बाळ होते. त्याआधी 3 एप्रिल 2024 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरचे शिवणकामाचे दुकान पेटले आणि वर झोपलेल्या कुटुंबातले सात जण गेले. ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, त्यांचा जीव धुराने गुदमरून गेल्याचे दिसते, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले होते.

घराला लागलेल्या आगीत माणूस बहुधा भाजण्याआधी गुदमरतो. अर्धवट जळणाऱ्या कापूस, फोम, प्लॅस्टिकमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस मग जागा न होता आणखी गाढ झोपेत जातो. "धुराच्या वासाने जाग येईलच की," असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. गाढ झोपेत आपले नाकही झोपलेले असते. 2004 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात झोपलेल्या तरुणांना तीव्र वास दिले, तरी गाढ झोपेतले हलले नाहीत. आवाज ऐकून मात्र ते उठले.

दुसरा गैरसमज एमसीबीचा. नवी पेटी बसवली की आपण निर्धास्त होतो. एमसीबी शॉर्टसर्किट झाले किंवा भार जास्त झाला तरच पडते. सॉकेटमागचा सैल स्क्रू तापून हळूहळू लाकूड करपवत असेल, तर प्रवाह मर्यादेतच असतो आणि एमसीबीला काही कळत नाही. आरसीसीबी गळती पकडते, तीही जरूर बसवा. पण उदबत्ती, डासांची कॉइल, गादीवर चार्जिंगला लावलेला मोबाइल यांच्यापुढे या दोघींचा इलाज नाही.

अलार्म घेताना प्रकाशकिरणावर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक मागा. धुमसणारी आग तो लवकर ओळखतो आणि फोडणीला त्या मानाने कमी बिचकतो. तरी स्वयंपाकघरात तो नकोच. तिथे उष्णतेवर वाजणारा वेगळा अलार्म मिळतो. देवघराच्या डोक्यावरही नको, नाहीतर आरतीच्या वेळी रोज वाजेल आणि चौथ्या दिवशी कोणीतरी सेल काढून ठेवील! झोपण्याच्या खोलीबाहेर, जिन्याच्या वरच्या टोकाला, छतावर, भिंतीपासून फूटभर आत ही चांगली जागा. पंख्याच्या झोतापासून लांब ठेवा, कारण वारा धूर पांगवतो.

वायरिंग चालू असताना जास्तीचा फायदा असा, की विजेवर चालणारे आणि आत बॅटरी असलेले अलार्म एकमेकांना जोडता येतात. त्यासाठी पाइपमधून एक जादा वायर ओढावी लागते, एवढेच. खाली धूर झाला की वरचाही वाजतो. प्लॅस्टर झाल्यावर हे करायचे म्हणजे पुन्हा छिन्नी-हातोडा. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी निव्वळ बॅटरीवरचा लावावा. तोही काही नसण्यापेक्षा शतपटीने बरा.

खाली यंत्रमाग आणि वर संसार, अशी घरे आपल्या पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत. तिथे मात्र जरा विचार करून बसवावे लागेल. मागांच्या खोलीत सुताची धूळ सतत उडते, धुराचा अलार्म तिथे खोटाच ओरडत राहील. खाली उष्णतेचा, जिन्यात आणि वर धुराचा, आणि सगळे जोडलेले, हा मार्ग. आगीत जिना धुराड्यासारखे काम करतो, म्हणून जिन्यातला टाळू नका. साधारण दहा वर्षांनी अलार्म बदलायचा, महिन्यातून एकदा बटण दाबून पाहायचे, जाळी अधूनमधून ब्रशने झाडायची.

इंग्लंडमध्ये 2015 पासून भाड्याच्या घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचा अलार्म बंधनकारक आहे. स्कॉटलंडने 2022 पासून सगळ्याच घरांत जोडलेले अलार्म सक्तीचे केले. आपल्याकडे बैठ्या, दुमजली घरांना अशी सक्ती नाही, आणि लगेच सगळ्यांवर ती लादावी असे मी म्हणणार नाही. पण ज्या इमारतीत खाली कारखाना चालतो आणि वर माणसे झोपतात, तिथे महापालिकेने ही अट घालायला काय हरकत आहे? मागाला लागणाऱ्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

अलार्म आग विझवत नाही, तो फक्त काही मिनिटे मिळवून देतो. ती मिनिटे कुलपाशी झटापट करण्यात जायला नकोत. चोरांच्या भीतीने आपण खिडक्यांना गज, जिन्याला जाळीचे दार आणि गच्चीला कुलूप लावतो. वायरमन घरात आहे तोवर फॅब्रिकेटरलाही बोलवा आणि एका खिडकीचा गज आतून उघडणारा करून घ्या. गच्चीची किल्ली मात्र आजोबांच्या उशीखाली नको. ती दाराशेजारी, लहान मुलाचाही हात पोहोचेल अशा खिळ्यावर असू द्या.