समारंभ आणि विमा : एक उपेक्षित कर्तव्य

लग्न, मेहंदी, बार मित्सवा किंवा मंडळाचा वार्षिक मेळावा ठरला, की सभागृह, भोजन, वाद्यवृंद आणि निमंत्रणपत्रिका यांचा खल आपल्याकडे महिनोन्महिने चालतो. परंतु ‘काही विपरीत घडल्यास भरपाई कोणी करावयाची?’ असा प्रश्न कोणी विचारलाच, तर ते अशुभ बोलणे समजून त्यास गप्प बसविले जाते. ही वृत्ती समाजबांधवांनी आता सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विपरीत घडते, हे इस्राएलमध्ये राहणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. २४ मे २००१ रोजी जेरुसलेमच्या व्हर्साय सभागृहात विवाहसोहळा रंगात आला असता नृत्याची जमीन पाहुण्यांसह कोसळली व २३ जण प्राणांस मुकले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे मेळावे दहा माणसांपुरते मर्यादित झाले. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध पेटताच १३ तारखेपासून मेळाव्यांस मनाई झाली, आणि ठरलेले सोहळे पुढे ढकलावे लागले.

समारंभाचा विमा मुख्यतः दोन प्रकारचा असतो. समारंभ रद्द झाल्यास बुडणाऱ्या खर्चाचा एक, आणि पाहुण्यास इजा झाल्यास येणाऱ्या जबाबदारीचा दुसरा. या दुसऱ्यास येथे ‘त्साद गिमेल’ म्हणतात, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा. बुडालेला पैसा पुन्हा मिळविता येतो. पण ओल्या पायरीवरून घसरून एखाद्या वृद्ध पाहुण्याचे हाड मोडले, तर उपचार ‘कुपात होलीम’ करील. बुडालेली मिळकत व सोसलेल्या यातना यांचे काय? आयोजकांचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्यास ती भरपाई मागण्याचा त्यास कायद्याने हक्क आहे. मंडळाची तिजोरी म्हणजे निवृत्त मंडळींनी पै पै करून दिलेली वर्गणी. असा एकच दावा ती रिकामी करू शकेल.

‘सभागृहाचा विमा असतोच की!’ असे उत्तर यावर मिळते. तो विमा प्रथमतः मालकाचे रक्षण करतो. आपण उभारलेले व्यासपीठ, आपण ओढलेली विजेची तार, स्वयंसेवकांनी घरून रांधून आणलेले अन्न यांपासून झालेली हानी त्यात बसेलच असे नाही. म्हणून विमापत्राची प्रत मागावी, आयोजक म्हणून आपले नाव त्यात जोडले आहे की नाही हे पाहावे, आणि नसल्यास स्वतंत्र विमा उतरवावा.

विमा म्हणजे काही ताईत नव्हे, हेही सांगितले पाहिजे. युद्ध व साथीचे रोग बहुतेक विमापत्रांतून वगळलेले असतात. विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेने साथीच्या रोगाचाही विमा उतरविला होता, म्हणून २०२० साली स्पर्धा रद्द झाली तरी तिला भरपाई मिळाली. पण असे उदाहरण विरळाच. जेथे विमा पुरत नाही, तेथे सभागृहाशी होणाऱ्या करारात सरकारी मनाई झाल्यास अनामत रक्कम पुढील तारखेस वळती होईल, असे कलम आग्रहाने घालून घ्यावे.

काही वडीलधारी मंडळी विचारतील, ‘कोकणात आमच्या वाडवडिलांनी कुठे विमे काढले होते?’ प्रश्न रास्त आहे. पण तेथे लग्न एका घराचे नसे, सबंध गावाचे असे. मांडव पडला तर दहा घरचे हात धावून येत. येथे अश्दोद, रामले, दिमोना, बेरशेवा असे आपण विखुरलो आहोत. विमा हा त्याच हातभाराचा नवा प्रकार होय : अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्यास सावरावे.

म्हणून प्रत्येक मंडळाने आपल्या वर्षभराच्या कार्यक्रमांसाठी एकत्रित विमा मिळतो का, याची चौकशी करावी व तो खर्च ताळेबंदात उघडपणे दाखवावा. निमंत्रण देऊन बोलाविलेला पाहुणा ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे. तिची काळजी वाहणे हा अपशकुन नव्हे, तो यजमानधर्मच होय.