पाणी मागून प्यावे

पौष शुद्ध अष्टमीस श्रीक्षेत्र तुळजापुरी शाकंभरी नवरात्राचा घट बसतो. नाताळ त्याच्या थोडे आधी होऊन गेलेला असतो. कधी दोन-चार दिवस, तर कधी तीन आठवडे. देवीच्या उत्सवानिमित्त लिहावयास बसलो असता या खेपेस आमच्या मनात एक ख्रिस्ती कथा वारंवार येत राहिली. ती वाचकांपुढे ठेवावी की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमचा देव्हारा बदललेला नाही आणि बदलावयाचाही नाही. तथापि ज्या कथेने आमची जुनी चूक आमच्या पदरात घातली, ती केवळ परधर्मातील म्हणून झाकून ठेवणे कीर्तनकाराला शोभणारे नव्हे.

शाकंभरीची कथा बहुतेक घरांत ठाऊक आहे. शंभर वर्षे अवर्षण पडले. मुनींनी धावा केला तेव्हा देवी शंभर नेत्रांनी त्यांच्याकडे पाहत प्रकटली आणि स्वतःच्या देहापासून उपजलेल्या शाकांनी तिने जग जगविले, असे देवीमाहात्म्य सांगते. नऊ रात्री तिच्या नेत्रांतून जलधारा वाहिल्या, अशी भर देवीभागवत घालते. शताक्षी आणि शाकंभरी ही नावे त्यातूनच आली. याच नवरात्रात तुळजापुरात जलयात्रा निघते. स्त्रिया डोक्यावर कलश घेऊन चालतात. पावसाने वारंवार पाठ फिरविलेल्या आमच्या धाराशिव जिल्ह्यात जगदंबेचा उत्सव हा पाण्याचाही उत्सव व्हावा, यात नवल ते काय?

परंतु पाण्याचे नाव निघाले की आम्हांस १९७२ चा दुष्काळ आठवतो. आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांचे होतो. आसपासचे आड आटले होते. आमच्या वाड्यातील आडाला तेवढे पाणी टिकून होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील बायका घागरी घेऊन येत आणि आडापासून दहा पावलांवर थांबत. पोहऱ्याने त्यांच्या घागरीत वरून धार धरावयाची, पोहऱ्याचा घागरीला स्पर्श होऊ द्यावयाचा नाही, असा आजोबांचा दंडक होता; आणि ते काम आम्हा मुलांकडे होते. थेंबाथेंबाला मोल असण्याच्या त्या दिवसांत कितीतरी पाणी मातीत सांडे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहास तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती आणि संविधान अमलात येऊन बावीस. तरीही आपण मोठे पुण्य जोडीत आहोत, असे आमच्या घरी सर्वांस वाटे. पाणी नाकारले नव्हते, हे खरेच.

पुढे आम्ही कीर्तनास उभे राहू लागलो. एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, हे आख्यान आम्ही किती वेळा लावले असेल, याची गणती नाही. श्रोत्यांचे डोळे पाणावत आणि आमचेही. नाथांच्याच चरित्रात दुसरी एक कथा आहे: अस्पृश्य मानलेल्या भक्ताच्या घरी ते भोजनास गेले. ती मात्र आम्ही घाईने सांगून पुढे सरकत असू. पहिल्या कथेत नाथ देतात, दुसरीत ते घेतात. देण्याची कथा आम्हांस गोड वाटे. घेण्याची अडचणीची वाटे.

असे का, हे काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात उमगले. कळंब तालुक्यातील एका गावी सप्ताहाचे काल्याचे कीर्तन आटोपून भर दुपारी निघालो असता वाटेत गाडी बंद पडली. जवळच्या वस्तीतील एका घरी सावलीला टेकलो. घरच्या माउलीने माठातले पाणी तांब्यात आणून पुढे धरले. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याकडे आमची नजर गेली आणि पुढे झालेला हात थबकला. क्षणभरच, पण तिने ते पाहिले. काही न बोलता तिने तांब्या आत नेला आणि मुलाला पैसे देऊन दुकानातून पाण्याची बाटली आणविली. “घ्या महाराज, बंद बाटली आहे,” एवढेच ती म्हणाली. आम्ही ते पाणी प्यालो. बाटलीचे पैसे देऊ केले, ते तिने घेतले नाहीत.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आम्ही पूर्वी वाचला होता. त्या रात्री तो पुन्हा उघडला. प्रवासाने थकलेले येशू ख्रिस्त शोमरोन प्रांतातील एका विहिरीपाशी बसले आहेत. वेळ दुपारची. शिष्य अन्न विकत आणावयास गावात गेले आहेत. एक शोमरोनी स्त्री पाणी भरावयास येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. पण येशू तिच्यापाशी पाणी मागतात. आपण यहुदी असून माझ्यासारखीकडे पाणी कसे मागता, असे ती चकित होऊन विचारते. पुढे मोठी अध्यात्मचर्चा होते. देवाची उपासना कोठे व कशी करावी, येथपर्यंत ती जाते. परंतु तिचा आरंभ या मागण्यात आहे. येशूंजवळ पोहरा नव्हता, म्हणजे ते पाणी तिच्याच भांड्यातून घ्यावे लागणार होते. उपदेश करणारा तेथे आधी याचक झाला आहे. आम्ही जन्मभर वरून धार धरली. ओंजळ कधी पुढे केली नाही.

हा धडा महाराष्ट्रातील एका स्त्रीने संसारातच गिरविला. नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, तुळजापूरकरांस परके नाही. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी देवीची पालखी त्याच बाजूच्या बुऱ्हाणनगराहून येते. त्या नगरात लक्ष्मीबाई टिळकांचा संसार झाला. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. लक्ष्मीबाईंच्या माहेरचे सोवळे इतके कडक, की घरात येणारी वस्तू न् वस्तू वडील धुऊन घ्यावयास लावीत. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणाही हिंदू गृहिणीस ते दुःख आपलेच वाटेल. पुढे दोघे एकत्र आल्यावरही बाईंचे स्वयंपाकपाणी वेगळेच राहिले. त्यांना कोणी वादात जिंकले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, असे त्यांनी स्वतःच्याच मनाला विचारले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. धर्म बदलणे हा त्यांचा मार्ग. तो आमचा नव्हे. पण त्यांची ओंजळ आधी पुढे झाली, धर्म मागून बदलला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. ओंजळ पुढे करण्यास धर्म बदलावा लागत नाही. नाथांनी तो न बदलताच ती केली होती.

शेतावरच्या गड्याचा कप वळचणीला वेगळा ठेवलेला असतो, अशी घरे आजही आमच्या पाहण्यात आहेत. त्या कपात चहा आवर्जून दिला जातो, साखरही कमी नसते. नवरात्रात दानधर्म होईल, अन्नदान होईल, ते व्हावेच. परंतु ज्याला आपण देतो, त्याच्या घरचा घोट आपल्या घशाखाली उतरतो काय, हे प्रत्येक घराने स्वतःस विचारावे. शताक्षीने अश्रू ढाळले, ते कोणाची घागर कोणाची हे पाहून नव्हे.

या नवरात्रात आमचे कीर्तन कळंबकडे ठरले आहे. वाट थोडी वाकडी करून त्या घरी जाण्याचा आमचा संकल्प आहे. ती माउली ओळख देईल की नाही, माठातले पाणी पुन्हा पुढे करील की नाही, हे सांगता येत नाही. आम्ही मात्र मागणार आहोत.